मध्यंतरातल्या तबकड्या

३ मार्च
हॉटेलची खोली, सकाळी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन शहरं माझ्या मागे फिरत होतं, काल एकदाचं हाती पडलं. पाकिटावर तीन हॉटेलांचे शिक्के आहेत. माझ्यापेक्षा त्याचाच प्रवास जास्त झाला. फोन करत जा असं सगळे म्हणतात, पण फोनवर मी कोणाशीही बोललो तरी मागे कोणीतरी घाई करत उभं असतं. पत्र लिहितो तेवढा वेळ मी तुझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेला असतो.

माझं बरं चाललंय. परवा एका मैदानात तीस हजार माणसं होती. तू मागे विचारलं होतंस, की डीजे म्हणून मी नेमकं करतो तरी काय, बटणं दाबताना बघायला तीस हजार माणसं कशाला लागतात. सांगतो. दादा जे करायचा तेच करतो. अ‍ॅकॉर्डियन वाजवताना तो लोकांच्या तोंडाकडे बघायचा नाही, पायांकडे बघायचा. तोंड खोटं बोलतं, पायांना ते जमत नाही, म्हणायचा. मला एवढ्या उंचावरून पाय दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात, पण डोकी पायांचंच ऐकतात. ती जड झाली की मी ताल हलका करतो, उतावीळ झाली की अडवून धरतो. मागचा धूर आणि रंगीत दिवे दुसरीच माणसं सांभाळतात.

आता मुद्द्याचं. येत्या सप्टेंबरात मला या धंद्यात पंचवीस वर्षं होतील. कंपनी नवा अल्बम काढतेय. सगळी गाणी मी स्टुडिओत, संगणकावर, एकेक ठोका वेचून बांधली आहेत. फक्त एकावर मला दादाचा अ‍ॅकॉर्डियन हवाय, खराखुरा, भात्याच्या श्वासासकट. आणि सप्टेंबरच्या कार्यक्रमात तो पाच मिनिटं माझ्या शेजारी उभा राहिला, तर मला दुसरं काही नको. मी स्वतः विचारलं तर तो हवामानावर बोलेल. वर्षातून दोनदा मी येतो, पुढच्या खोलीत बसून आम्ही उकाडा आणि थंडी मोजतो आणि मी परत जातो. म्हणून तू विचार. तुझं ऐकतो असं तो कबूल करणार नाही, पण ऐकतो.

माया आहे तशी राहू दे. थोडी वाढली तरी माझी तक्रार नाही.

तुझा
भाऊजी, म्हणजे ठोक्या


१४ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या दिवशी मी तुम्हाला भाऊजी म्हटलं तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होता. "तुम्ही हात धुतले का?" असं मी विचारलं आणि तुम्ही वळून मागे बघितलंत, कोण पाहुणा आला म्हणून. सासू-सासरे नव्हतेच, तुमच्या दादांनी सगळं घर एकट्याने उचललेलं. मी म्हटलं, निदान मान देण्याघेण्याची रीत तरी मी आणते. ती लागली ती लागली. आता तीस हजार माणसं तुम्हाला अरे-तुरे करत ओरडतात आणि मी अजून तुम्ही म्हणते.

विचारलं. वेळ बघून विचारलं. ते एका शाळेच्या बँडचे क्लॅरिनेट दुरुस्त करत बसले होते. माझं बोलणं पूर्ण ऐकलं, चावीखालची एक सुटलेली गादी चिकटवली, फुंकर मारली आणि वेळ नाही म्हणाले. मी म्हटलं, सप्टेंबरला अवकाश आहे. तर म्हणाले, तेव्हाही नसेल.

मग दिवसभर मला जुनं आठवत राहिलं. दोन खोल्यांत तुमच्या दादांच्या ऑर्केस्ट्राचे नऊ वाजवणारे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ड्रमवाला माझ्या घडी घातलेल्या रजईवर सराव करायचा, आणि ट्रम्पेटकाका ट्रम्पेटच्या तोंडात पायमोजा कोंबून वाजवायचे. धुतलेला असायचा, असं ते शपथेवर सांगायचे. तुमची ती दोन रेकॉर्डप्लेअरं इस्त्रीच्या टेबलावर मांडलेली, आणि तीन-तीन दिवस माझी इस्त्री खोळंबलेली. ऑर्केस्ट्रा नाचासाठी वाजवायचा त्या हॉटेलच्या हॉलमध्ये मध्यंतरात अर्धा तास तुम्हाला तबकड्या लावू द्याव्यात, असं मॅनेजरला सांगायला तुमचे दादाच गेले होते. लोक जागेवर बसले की थंड पडतात, माझा भाऊ त्यांना उभं ठेवेल, म्हणाले. किती ऐटीत म्हणाले होते.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरने ऑर्केस्ट्रा बंद केला आणि पुढच्या हंगामाला एकटे तुम्ही, असं सांगितलं. तुम्ही दोघं दारात उभे होता ते मला दिसतंय. मलाही आजच कळलं, असं तुम्ही म्हणालात. तुमचे दादा म्हणाले, घे, आपलं एक तरी माणूस तिथे राहील. म्हणून मला कधी वाटलं नाही की त्यांच्या पोटात तुमच्याविषयी काही आहे. पण मग तुमचं गाणं कानावर पडलं की ते उठून का जातात? मागच्या महिन्यात न्हाव्याने रेडिओ लावला तर अर्धी दाढी ठेवून घरी आले. उरलेली मी केली.

आणि ट्रम्पेटकाका दर रविवारी जेवायला यायचे, ते त्या दिवसापासून एकदाही आले नाहीत. मी विचारलं की हे म्हणतात, जाऊ दे. भाऊजी, तुम्हाला यातलं काही माहीत असेल तर मला सांगा. पंचवीस वर्षं मी एक ताट कमी मांडते आहे.

तब्येतीला जपा, आणि कानालाही. दोन्ही बाजारात मिळत नाहीत.

तुमची
वहिनी


२९ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींत मी फार चांगला दिसत होतो.

ट्रम्पेटकाका का येत नाहीत ते मला माहीत नाही. पण दारात उभं राहून मी जे म्हणालो ते खोटं होतं. मला त्या दिवशी कळलं नव्हतं. सतरा दिवस आधी कळलं होतं.

मॅनेजरने दुपारी बोलावलं. हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या, एक माणूस गुडघ्यांवर बसून फरशीला मेण लावत होता. मॅनेजर म्हणाला, मध्यंतरात फरशी भरते आणि ऑर्केस्ट्रा परत आला की लोक प्यायला जाऊन बसतात, हे तुला दिसतं की नाही. दिसत होतं. मी दादाकडूनच पायांकडे बघायला शिकलो होतो. त्याने कागद पुढे केला आणि बजावलं की शेवटच्या दिवसापर्यंत कोणाला बोलायचं नाही, नाहीतर हे लोक मन लावून वाजवणार नाहीत. मी सही केली. बावीस वर्षांचा होतो. ही सबब नाही, वय सांगतोय.

घरी आलो तर दादा पुढच्या हंगामाची बारा नवी गाणी लिहीत बसला होता. तू पट्टी घेऊन पाच-पाच रेघा आखत होतीस. अक्षर चांगलं म्हणून त्याने पेन माझ्या हातात दिलं आणि ट्रम्पेटचे कागद उतरवायला सांगितले. मी बसलो. सतरा दिवस रोज बसलो. जी कधी वाजणार नाहीत हे मला माहीत होतं ती बाराच्या बारा गाणी मी सुंदर अक्षरात उतरवली. एका ठिकाणी दादाची चूक होती, ती मी दाखवून दिली आणि त्याने माझी पाठ थोपटली. रोज वाटायचं, उद्या सांगू.

पुढचं तुला माहीत आहे. दोन वर्षं तो हॉल, मग एका छापखान्याच्या तळघरात भाड्याने घेतलेली खोली, तिथे स्वतः बनवलेलं पहिलं गाणं, ते रेडिओने उचललं, मग एकामागून एक देश. मुलाखतींत सगळे विचारतात, सुरुवात कशी झाली. मी मध्यंतराचा किस्सा सांगतो. दोन रेकॉर्डप्लेअर, इस्त्रीचं टेबल. लोक हसतात. मी नेहमी मध्यंतरापाशीच थांबतो.

आता तू काय करशील ते कर. दादाला सांगायचं तर सांग.

माया मागायला आज तोंड नाही.

ठोक्या


६ एप्रिल

चि. भाऊजींस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

त्या सतरा दिवसांत मीही होते. तुम्ही माझ्यासमोर बसून लिहीत होता आणि मी तुमच्या अक्षराचं कौतुक करत होते. चहा करून देत होते. ते आठवलं आणि तुमच्यावर इतकी चिडले की दुपारी कपडे वाळत घालताना चिमटा मोडला.

त्यांना मी सांगणार नाही. तुम्हा दोघांमधली निरोप्याची नोकरी मी पंचवीस वर्षं केली, एवढा एक निरोप माझ्याच्याने पोचवला जाणार नाही. तुमच्या हाताने लिहा. मला लिहिलंत तसंच लिहा, शेवटी रडू नका.

लिहिलंत की कळवा. आशीर्वाद मात्र रागावले तरी चालूच असतात, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी


२ मे

ठोक्या,

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. अकरा दिवस मी काही लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

नोकरी तू घेतलीस याचा मला राग कधी नव्हता. ऑर्केस्ट्राचे दिवस भरले होते. तू नाही तर दुसऱ्या कोणी घेतली असती. घे म्हणून मीच सांगितलं. पण ते मी कशाच्या भरवशावर सांगितलं ते आता कळलं.

तुला जे माहीत नाही ते लिहितो. त्या सतरापैकी नवव्या दिवशी आपला ट्रम्पेट माझ्याकडे एक कागद घेऊन आला. प्रवासी जहाजावरच्या ऑर्केस्ट्रात त्याला दोन वर्षांची जागा मिळत होती. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. त्याने मला विचारलं, काय करू? मी म्हणालो, जाऊ नकोस, पुढचा हंगाम पक्का आहे, बारा नवी गाणी आहेत, त्यातल्या चारांत तुझा ट्रम्पेट पुढे आहे. त्याने कागद माझ्यासमोर फाडला. मला आनंद झाला.

शेवटच्या दिवशी हॉलच्या मागच्या जिन्यावर, तू नसताना, बाकी सगळ्यांसमोर, तो मला एवढंच म्हणाला, "तू मला थांबवलंस." ते खरं होतं. चांगला ट्रम्पेट हातचा जाईल म्हणून मी माणसाला खोटा भरवसा दिला, असंच मी आजवर धरून चाललो. नाचाचं काहीही कानावर पडलं की मी त्या जिन्यावर जाऊन उभा राहतो. तुझी वहिनी समजते मला संगीताचा कंटाळा आला. तसं नाही.

तू पहिल्या दिवशी एक शब्द बोलला असतास तर तो जहाजावर गेला असता. पहिल्या दिवशी नाही, आठव्या दिवशी बोलला असतास तरी गेला असता.

अ‍ॅकॉर्डियनचं मला पुन्हा विचारू नकोस. आधी त्याच्याकडे जा. पत्ता सॅक्सोफोनवाल्याच्या बायकोकडे असेल. भेटवस्तू नेऊ नकोस. एखादा मदतनीस पाठवू नकोस.

दादा


१८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

ट्रम्पेटकाका एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत शिकवणी घेतात. जिन्यात रबराचा वास, वर सहा जण एका सुरात येण्याची खटपट करत होते. दुपारचे चार. त्यांनी मला लगेच ओळखलं, फोटोंमुळे नव्हे, तू उभा राहतोस तसा मी उभा राहतो म्हणे. स्टूल दिलं. शिकवणी संपल्यावर बाहेर बोलू म्हणालो तर म्हणाले, इथेच बोल, या गोंगाटात कोणाला ऐकू जातंय.

म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. मॅनेजर, सही, सतरा दिवस. आणि मी "मला आधीपासून माहीत होतं" म्हणालो नेमकं तेव्हाच त्या मुलांच्या कागदावर विश्रांतीची जागा आली आणि सहाही ट्रम्पेट एकदम गप्प झाले. सगळ्यांनी ऐकलं. ट्रम्पेटकाकांनी हाताने खूण केली, मुलं पुन्हा सुरू झाली.

त्यांनी बराच वेळ ट्रम्पेटची फुंकायची नळी पुसली. मग म्हणाले, "जहाज बरं झालं असतं." ते जहाज कुठकुठल्या बंदरांना लागायचं ती नावं त्यांना अजून ओळीने पाठ आहेत. मला म्हणून दाखवली. अकरा आहेत. दादा, त्या वेळी मला वाटलं की त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुझ्यावर रागवायचं की नाही ते मला सावकाश ठरवू दे. पंचवीस वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावलो होतो, आता एकदम बदलता येणार नाही." त्या जिन्यावर सगळ्यांसमोर तुला बोलले म्हणून तूच त्यांच्यावर रागावला असशील, असंही त्यांना वाटत होतं. दोनदा आपल्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेले.

ते आता वाजवत नाहीत. चार वर्षांपूर्वी पुढचे दात गेले आणि कवळीवर ट्रम्पेट धरत नाही. मुलांना गाऊन शिकवतात. मला म्हणाले, आला आहेस तर बस, यांना टाळ्यांनी ताल दे. सहा वाजेपर्यंत मी टाळ्या दिल्या. निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू मात्रा खातोस. तीस हजार माणसं माझ्या तालावर नाचतात हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. सप्टेंबरचा कार्यक्रम होईल तसा होईल. मुलाखतीत विचारलं तर आता मध्यंतराच्या पुढचंही सांगेन, तुझी हरकत नसेल तर.

वहिनीस नमस्कार. तिच्या पत्राची वाट बघतो, ओरडणारं असलं तरी चालेल.

ठोक्या


७ जुलै

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

ट्रम्पेट रविवारी सकाळी आला. दारात उभा राहिला. तुझी वहिनी आतून आली आणि जणू मागच्याच रविवारी येऊन गेला असावा तशी म्हणाली, उशीर केलात, चहा निवला. मग पदर डोळ्याला लावून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आम्ही दोघं दातांबद्दल बोललो. माझेही तीन गेलेत.

जेवण झाल्यावर त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, हे ऐक. त्याच्या विद्यार्थ्यांनी तुझं सगळं त्याच्या फोनवर भरून दिलंय. तो तुला पहिल्यापासून ऐकत आला आहे, रागावलेला असतानाही. मी उठलो. त्याने माझी बाही धरली आणि बसवलं. एकूण चौदा गाणी ऐकली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

माझं मत विचारलेलं नाहीस, तरी लिहितो. पहिली तीन-चार नुसती दणदण आहेत, तुला तेव्हा गप्प बसता येत नव्हतं. नंतरची बरी आहेत. एका गाण्यात तू सगळं वाढवत नेतोस आणि ऐन भरात ताल काढून घेतोस, माणूस एक पाय उचललेला तसाच राहतो, आणि मग परत देतोस. ती जागा चांगली आहे. ऐकताना माझा पाय उचलला गेला, तुझ्या वहिनीने पाहिलं. पण चार मात्रा कमी आहेत. आठ थांब. लोक कुठे जात नाहीत.

तुझ्या मैदानात मी येणार नाही. तीस हजार माणसांसमोर उभं राहण्याची मला हौस नाही आणि माझ्या पायाला ते जमणार नाही. स्टुडिओत येतो. अ‍ॅकॉर्डियनचा भाता कालच नव्याने चिकटवला. ट्रम्पेट बरोबर येतोय. तो वाजवणार नाही, बसून चुका काढणार आहे. मुलाखतीत काय सांगायचं ते तू ठरव, माझं नाव घेतलंस तर त्याचंही घे.

राग गेला असं समजू नकोस. राग आहे, त्याचाही आहे, माझाही. पण नऊ जणांच्या ऑर्केस्ट्रात रोज कोणी ना कोणी कोणावर तरी रागावलेलं असायचंच. तरी आठाच्या ठोक्याला आम्ही सगळे एकदम सुरू व्हायचो.

मंगळवारी सकाळी दहाला पोचतो. तू साडेनऊला तिथे अस.

तुझ्या वहिनीने आशीर्वाद सांगितले आहेत. माझे वर लिहिलेच आहेत.

तुझा
दादा